ज्याच्या नावचे, त्याच्या हातात

मी, देवसिंग हिरासिंग आडे, वय वर्षे सदुसष्ट, राहणार उंबरतांडा, तालुका दिग्रस, जिल्हा यवतमाळ, पूर्वीचा धंदा मुंबईत सायकलवरून कागदपत्रांची पाकिटे पोहोचवणे, हल्लीचा धंदा खोकणे, हे मृत्युपत्र दिग्रस येथे तहसील कचेरीसमोर दस्तलेखक श्री. अमर यांच्या टेबलाशी बसून लिहवून घेत आहे. माझे डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांच्या दवाखान्यापर्यंत मी सायकल चालवत गेलो, त्यामुळे त्यांनी फार तपासले नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारे आहेत, पण मी आज इथे बसलो आहे हे त्यांना ठाऊक नाही.

श्री. अमर म्हणतात की मृत्युपत्रात ‘खोकणे’ असे लिहीत नाहीत. मी म्हटले, मरणार मी आहे, लिहा.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. दुसरे कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

१. माझी पत्नी बसंतीबाई सहा वर्षांपूर्वी वारली. मला दोन अपत्ये. थोरला राजकुमार दिग्रसला एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून आहे, बायको पुष्पा आणि दोन लेकरांसह तिथेच भाड्याच्या घरात राहतो. धाकटी रंजिता हिला पुसदकडे दिली होती. नवऱ्याचा मार खाऊन खाऊन ती परत आली, कोर्टातून मोकळी झाली आणि आता माझ्याजवळ राहते. मार खात होती तेव्हा तांड्यातला एकही माणूस पुसदला गेला नाही. परत आली तेव्हा मात्र सगळे माझ्या ओसरीवर आले.

हे मृत्युपत्र करण्याचे कारण लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की म्हातारा भ्रमिष्ट झाला होता. गेल्या होळीला राजकुमार घरी आला. सोबत माझा चुलतभाऊ बाबूसिंग, जो तांड्याचा कारभारी आहे. ओसरीवर चहा झाला. मग राजकुमार म्हणाला, “बाबा, तुमी हाय तोवर राहू द्या तिले घरात. मंग मी पाहून घेतो.” घर दिग्रस रस्त्यावर आहे, पुढच्या खोलीत त्याला बी-बियाणे आणि औषधांचे दुकान टाकायचे आहे. मी विचारले, “मंग ती कुठं जाईन?” राजकुमारने बाबूसिंगकडे पाहिले. बाबूसिंग बोलला. म्हणाला, “देवसिंग, ढावलो म्हणून गेलेल्या पोरीचं बापाच्या घरात काय राह्यते?”

आमच्यात सासरी निघताना नवरी आईबापाच्या, भावाच्या गळ्यात पडून रडत रडत जे गाते, त्याला ढावलो म्हणतात. बाबूसिंगचे म्हणणे असे की ते एकदा म्हटले की पोरीचा त्या घराशी संबंध संपला. त्या वेळी रंजिता आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज बंद झाला. ती बाहेर आली नाही आणि त्या दिवसापासून तिने घरात काही आणताना किंवा करताना ‘आपल्यासाठी’ म्हणणे सोडले, ‘तुमच्यासाठी’ म्हणू लागली. मला हे सहन होत नाही.

बाबूसिंगला मी तेव्हा उत्तर दिले नाही, ते इथे देतो. रंजिताचा ढावलो मी माझ्या खांद्यावर ऐकला आहे. त्यात ती म्हणाली की माझ्या बापाचा तांडा सुखात राहू दे, माझ्या याडीचे, म्हणजे आईचे, घर भरलेले राहू दे. घर सोडले असे ती कुठेही म्हणाली नाही. तुला ऐकू आले असेल तर तुझे कान तपास.

२. घर. उंबरतांड्यातील माझे विटांचे, पत्र्याचे घर, तीन खोल्या, ओसरी, मागची मोकळी जागा आणि नळ. पूर्वेस दिग्रस रस्ता, पश्चिमेस बाबूसिंगचा गोठा, उत्तरेस पांदण, दक्षिणेस कडुलिंब. कडुलिंब माझा आहे, बाबूसिंग काहीही म्हणो. ही जागा मी माझ्या कमाईतून घेतली आणि बांधकाम बसंतीने माझ्या मागे उभे राहून करून घेतले. मी वर्षातून एकदा यायचो तेव्हा एक खोली वाढलेली असायची. ही मालमत्ता वडिलोपार्जित नाही, त्यामुळे ती कोणाला द्यायची हे मी ठरवणार.

हे घर मी माझी मुलगी रंजिता हिला देत आहे. श्री. अमर यांनी इथे लिहिले होते, ‘तिच्या हयातीपर्यंत राहण्याचा हक्क’. म्हणाले, सगळे असेच करतात काका, भावाचेही मन राहते. मी ती ओळ खोडायला लावली. राहण्याचा हक्क पाहुण्याला देतात. तिला मी मालकी देत आहे, पूर्ण, कायमची, कोणतीही अट न घालता. तिने राहावे, भाड्याने द्यावे, विकावे, पाडून नवे बांधावे. तिने पुन्हा लग्न करावे किंवा करू नये. केले तर घर त्या नवऱ्याचे होणार नाही, हेही लिहा.

३. हे मी का एवढे ताणून धरतो, ते कळण्यासाठी माझ्या धंद्याबद्दल लिहिणे भाग आहे.

तांड्यातला भारत माझ्याआधी मुंबईला गेला होता. त्याने मला फोर्टातल्या एका गाळ्यात नेऊन उभे केले. मालकाने विचारले, सायकल येते? येते म्हटले. पाटी वाचता येते? येते म्हटले. दुसऱ्या दिवशी मला काळी, जड, डबल स्टँडची सायकल आणि एक खाकी बॅग मिळाली. वकिलांची, बँकांची, जहाज कंपन्यांची पाकिटे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत न्यायची. फोर्ट, बॅलार्ड पियर, काळबादेवी, नरिमन पॉइंट आणि ज्या दिवशी नशीब फुटके असेल त्या दिवशी वाळकेश्वरचा चढ. टॅक्सीवाले न बघता दार उघडतात, त्या दारांनी मला तीनदा लोळवले. बॅग मात्र कधी पडू दिली नाही. पडताना पाठीवर घ्यायची आणि आपण खाली जायचे, हे भारतने शिकवले होते.

माझा आजा बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडला. आमच्यात त्याला लदेणी म्हणतात. बसंती म्हणायची, तुमची बी लदेणीच हाय, फक्त बैल लोखंडाचा झाला. तिने बॅगेच्या पट्ट्यावर कवड्या आणि आरसे लावून कशिदा काढून दिला होता. गाळ्यातला मॅनेजर म्हणाला, हे काढ, तमाशा वाटतो. मी काढला नाही. पुढे कचेऱ्यांमधले लोक फोन करून सांगू लागले की तो कवड्यावालाच पाठवा, तेव्हा तोच मॅनेजर मला ‘आमचा कवड्यावाला’ म्हणू लागला.

तिथला नियम एकच होता. पाकिटावर ज्याचे नाव, त्याच्याच हातात द्यायचे. टेबलावर ठेवायचे नाही, पहारेकऱ्याजवळ द्यायचे नाही आणि ‘द्या, मी देतो’ म्हणणाऱ्याजवळ तर मुळीच नाही. पोच घ्यायची, मगच पायडल मारायचे. समोरच्याने घेतलेच नाही तर त्याच्यासमोर उभे राहून पाकिटावर ‘घेण्यास नकार’ लिहायचे. नकार दिला तरी माणसाला कळलेले असते. कळले नाही असे त्याला पुढे म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी आमची सगळी धावपळ असायची.

एकदा एका वकिलाने वाळकेश्वरच्या एका घरी द्यायचे पाकीट दिले. वर एका बाईंचे नाव होते. दारात दोन भाऊ उभे. म्हणाले, बहीण बाहेरगावी गेली आहे, द्या इकडे. तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, कोणाला तरी दूध बघायला सांगत होती. मी म्हटले, बसतो मी. जिन्यावर बसलो. एका भावाने येऊन शिव्या दिल्या. दुसऱ्याने चहा आणून दिला. चहा प्यायलो आणि बसून राहिलो. दुपार कलली तेव्हा बाई स्वतःच पिशवी घेऊन खाली निघाल्या. मी नाव विचारले आणि जिन्यातच त्यांच्या हातात पाकीट दिले. त्यांनी सही केली. म्हणाल्या, “वडील जाऊन चार वर्षं झाली. मला वाटलं होतं, त्यांनी माझ्यासाठी काही लिहिलंच नाही.” आत काय होते ते मला ठाऊक नाही. आमच्या धंद्यात विचारत नाहीत.

पण दारात उभे असलेले ते दोन भाऊ मला अजून दिसतात. चांगल्या घरचे होते, बोलायला गोड होते. राजकुमार पण चांगलाच मुलगा आहे. त्याला मी त्या दारात उभे राहू देणार नाही.

४. सायकल. कागद हळूहळू मशीनमधून जाऊ लागले, मग फोनमधून. गाळा बंद झाला तेव्हा मालकाने ज्याची सायकल त्याला देऊन टाकली. माझी मी रेल्वेच्या पार्सलने बडनेऱ्यापर्यंत आणली आणि तिथून दिग्रसपर्यंत चालवत आलो. ही सायकल, हवा भरायचा पंप, पाने, पंक्चरचा डबा, तेलाची कुपी आणि कवड्यांच्या पट्ट्याची बॅग मी रंजिताला देत आहे.

हे लाडाने देत नाही. ती परत आल्यावर एक दिवस माझे औषध आणायला सायकल घेऊन दिग्रसला गेली. येताना शेजारणीचे मागवलेले पार्सल घेऊन आली, कारण कुरियरची गाडी तांड्यांकडे येत नाही, पार्सले दिग्रसलाच पडून राहतात. आता चार तांड्यांची पार्सले तीच आणते आणि घरोघर देते. बाईच्या नावचे पार्सल ती नवऱ्याच्या हातात देत नाही. भांडणे होतात, तरी देत नाही. मी तिला हे शिकवलेले नाही. राजकुमारला लाज वाटते की बहीण गावभर सायकल फिरवते. त्याच्या बापाने आयुष्यभर दुसरे काही केले नाही.

सायकलला हार घालून ओसरीवर टांगू नये. फोटोशेजारी ठेवू नये. चालवावी.

५. माझा उजवा गुडघा. नरिमन पॉइंटच्या एका उंच इमारतीत (नाव लिहीत नाही, श्री. अमर घाबरतात) पाकीटवाल्यांना लिफ्टमध्ये घेत नसत. साहेबांच्या कपड्यांना घाम लागतो म्हणून. वर्षानुवर्षे मी ते जिने चढलो. लिफ्टजवळ उभ्या असणाऱ्या जाड मिशांच्या माणसाला हा गुडघा मी सर्व दुखण्यासह देत आहे. त्याने येऊन घेऊन जावा.

६. पोस्टात आणि बँकेत माझ्या नावे जे असेल ते सर्व राजकुमारला. त्यातून त्याने दुकान टाकावे, पण दिग्रसला टाकावे, जिथे गिऱ्हाईक आहे. त्याच्या हुशारीवर माझा विश्वास आहे. हिशोब त्याच्या बोटावर असतात.

पण एक गोष्ट मनात आहे ती सांगतो. त्याची सोयरीक जुळत होती तेव्हा मी सुटीवर आलेलो होतो. पाहुण्यांनी विचारले, व्याही काय करतात? मी तिथेच बसलेलो. राजकुमार म्हणाला, “बाबा मुंबईले डॉक्युमेंट ऑफिसर हाय.” मी कप खाली ठेवला आणि गप्प बसलो. मुलाची सोयरीक मोडायची नव्हती. पाहुणे गेल्यावर बसंतीने विचारले, “तुमाले वाईट वाटलं का?” मी नाही म्हटले. वाटले होते. आजही वाटते. पुष्पा सून म्हणून चांगली निघाली, तेव्हा त्या खोट्याचा काही तोटा झाला नाही, हे मान्य करतो.

७. शेत वडिलोपार्जित आहे. त्यात कायद्याने दोघांचे जे असेल ते असेल. मी त्यात हात घालत नाही. दोघांनी बांधावर उभे राहून भांडू नये, तिथे साप निघतात.

८. बसंतीची चांदी तिने स्वतः वाटून ठेवली होती. एक गाठोडे रंजिताचे, एक पुष्पाचे. दोन्ही लोखंडी पेटीत आहेत. कोणी उघडून तोलू नये, ज्याचे त्याने घ्यावे.

९. अग्नी राजकुमारने द्यावा. तो त्याचा मान आहे आणि मी तो दुसऱ्या कोणाला देत नाही. तेराव्याला बाबूसिंगला बोलवावे. तो जेवताना माझ्याबद्दल चांगले बोलेल, तेव्हा त्याला पुन्हा वाढावे.

१०. हे मृत्युपत्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवले जाईल. तेवढ्यावर मी थांबणार नाही. मेल्यावर पेटी उघडून कागद शोधायचा, मग तो सापडत नाही, मग कोणी म्हणतो असा कागद नव्हताच, हे सगळे मी दुसऱ्यांच्या घरात पाहिले आहे. म्हणून याच्या तीन प्रती काढून, बंद पाकिटात घालून, मी जिवंत असताना, स्वतः सायकलवरून जाऊन रंजिता, राजकुमार आणि बाबूसिंग यांच्या हातात देणार आहे आणि पोच घेणार आहे. श्री. अमर म्हणाले, काका, असं कोणी करत नाही, जिवंतपणी घरात भांडण कशाला? मी म्हटले, मी मेल्यावर भांडण झाले तर रंजिता एकटी पडेल. आत्ता झाले तर मी आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे. दोन ठिकाणी श्री. अमर यांनी माझ्या नावाआधी ‘कै.’ लिहिले होते, ते खोडले आहे.

ठिकाण: दिग्रस. दिनांक: ३ फेब्रुवारी २०२५.

लिहून देणार: (सही) देवसिंग हिरासिंग आडे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर केली:
१. (सही) भारत राठोड, उंबरतांडा, माझ्यासोबत फोर्टात सायकल चालवलेला
२. (सही) विमलताई वानखडे, निवृत्त परिचारिका, दिग्रस

पुरवणी

वरील मृत्युपत्र कायम ठेवून, त्याच्या कलम १० प्रमाणे जे झाले ते मी नोंदवत आहे. श्री. अमर म्हणाले, याची कायद्याने गरज नाही. मला आहे.

पहिले पाकीट बाबूसिंगला, त्याच्या गोठ्यात. म्हणाला, “मले कायले?” मी म्हटले, “तुया गोठ्याची हद्द हाय त्याच्यात.” वाचून झाल्यावर त्याने बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाला, “कडुलिंब मायाच हाय.” आणि सही केली. घराबद्दल एक शब्द काढला नाही.

दुसरे रंजिताला. ती ओसरीवर पार्सले लावत होती. न वाचताच सही करायला निघाली. मी म्हटले, वाच. उभ्या उभ्या वाचले आणि पायरीवर बसली. म्हणाली, “बा, दादा बोलणं सोडीन.” मी म्हटले, “सोडू दे. घर नाही सुटत.” ती रडली, मीही रडलो. मग तिने सही केली आणि विचारले, आपल्यासाठी भाजी काय करू. ‘आपल्यासाठी’ म्हणाली, म्हणून इथे लिहिले.

तिसरे राजकुमारचे. त्याच्या जिनिंगवर गेलो. आवारात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, कचेरीत व्यापारी बसले होते. त्याने माझ्या खांद्यावरची कवड्यांची बॅग पाहिली आणि मान खाली घातली. म्हणाला, “काहून आले बाबा? ठेवा ना तिथं टेबलावर.”

“हातात घे.”

“लोकं पाहून राह्यले.”

“पाहू दे. सांग त्याईले, डॉक्युमेंट ऑफिसर आला हाय.”

त्याने माझ्याकडे पाहिले. मी ते विसरलो नव्हतो, इतकी वर्षे जवळ ठेवले होते, हे त्याला त्या वेळी कळले. त्याने हात पुढे केला. पाकीट फोडून पूर्ण वाचले. कलम सहाशी थांबला, तोंड लाल झाले, पण वाचत राहिला. मी पोचेचा कागद पुढे धरला. त्याने पेन उघडले आणि कलम दोन पुन्हा काढून वाचले. मला वाटले, आज ‘घेण्यास नकार’ लिहावे लागणार. मग त्याने लिहिले, ‘मिळाले. मजकूर मान्य नाही.’ आणि खाली सही केली, राजकुमार देवसिंग आडे, पूर्ण नावाने.

मान्य नाही तर नाही. तो त्याचा हक्क आहे आणि त्याने तो तोंडावर बजावला, मागून नाही. मला मिळाले नव्हते असे आता त्याला कधीही म्हणता येणार नाही. तो कोणाच्या दारात उभा राहून खोटे बोलण्यापासून वाचला, आणि हेच मला त्याला द्यायचे होते.

मी निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत मागे आला. मागच्या चाकावर अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाला, “हवा कमी हाय.” कचेरीतल्या व्यापाऱ्यांना दिसेल अशा ठिकाणी वाकून, माझ्याच पंपाने त्याने चाकात हवा भरली.

घरी येऊन सायकल, पंप आणि बॅग मी रंजिताच्या हातात दिली. माझ्या मरणाची वाट कशाला पाहायची? तिची पोच सोबत जोडली आहे.

बॅग देण्याआधी मी ती उलटी करून झटकली. आत कोणाच्याही नावचे काही उरलेले नाही.

ठिकाण: दिग्रस. दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५. आज एसटीने आलो.

(सही) देवसिंग हिरासिंग आडे

साक्षीदार: (सही) भारत राठोड. (सही) विमलताई वानखडे.